प्रॉम्प्टरचं मत

रविवार कारंजावर त्याचा फोटो लागलाय, तीन मजली.
कपाळाला गंध, हात जोडलेले,
खाली ओळ: घराला कर्ता हवा, शहराला पिता.
ओळ ओळखीची वाटली.
घरी येईपर्यंत आठवलं,
दुसऱ्या अंकाचा शेवट, स्पर्धेची प्राथमिक फेरी,
आणि ती त्याला आठवत नव्हती तेव्हा.
मी सांगितली होती, विंगेतून.

आता चंद्रहास खासदारकीला उभा आहे, निशाणी समई,
आणि लोक मला विचारतात.
भद्रकालीत मेथीची जुडी निवडताना,
सलूनमध्ये, अर्धी दाढी झालेली असताना:
गायधनी, तुम्ही जवळून पाहिलाय. माणूस कसा?

जवळून म्हणजे चार फुटांवरून,
अंधारातून.
मला त्याचा डावा कान पाठ आहे.

शोभना विसपुते देणार म्हणते.
सासरे गेल्यावर रात्री साडेआठला घरात तोच असायचा,
मालिकेतला आप्पासाहेब,
आवाज न चढवता सुनेशी बोलणारा.
तिचा नवरा सराफ बाजारात बसतो,
काट्याला श्वास लागू नये म्हणून तोंड वळवून बोलतो.
म्हणाला, मुलामासुद्धा सोन्याचाच असतो, काका.
फक्त पातळ.

इद्रिस टेम्पोवाल्यानं भाषण पूर्ण ऐकलं.
'आपली माणसं' नऊ वेळा आलं, म्हणाला,
मी बोटांवर मोजलं.
माझ्याकडे मान एकदाही वळली नाही.
स्पॉटलाइटमध्ये समोरचं दिसत नाही रे, मी म्हटलं.
तो म्हणाला, भर दुपार होती.

शरणपूरच्या फिलोमिना टीचरना एवढंच विचारायचंय,
परंपरा म्हणजे कुठल्या सालापासूनची?

आणि माझी मुलगी.
सभेत तो म्हणाला, दिवेलागणीला लेक उंबऱ्याच्या आत शोभते.
टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बायकांनीही वाजवल्या.
तिची शिफ्ट दिवेलागणीलाच सुरू होते, सातपूरला.
डबा भरता भरता तिनं विचारलं,
बाबा, ही ओळ तुम्ही नाही ना दिलीत?

नाही. पण हे सगळं सांगताना
एक गोष्ट मी कुणालाच सांगत नाही.
सिन्नरच्या प्रयोगात वीज गेली होती.
माझ्या हातातली संहिता म्हणजे नुसता कागद.
प्रेक्षकांत कुणाचं तरी मूल रडायला लागलं
आणि चंद्रहास राजाचा मुकुट काढून
रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला, अंधारात,
त्या मुलाशी बोलत राहिला.
वडिलांच्या सायकलबद्दल. सायकलला घंटी नव्हती,
म्हणून ते तोंडानं वाजवायचे.
त्यानं वाजवून दाखवली.
अकरा मिनिटं.
त्यातला एक शब्दही माझा नव्हता, लेखकाचाही नव्हता.
दिवे आले तेव्हा तो घाईघाईनं उठला,
चोरी पकडल्यासारखा,
आणि मुकुट उलटा घातला.

तो माणूस उभा असता तर
मी इतका विचार केलाच नसता.

परवा मैदानात तो मध्येच थांबला.
समोरची काच बंद पडली असावी, जिच्यावर अक्षरं सरकतात.
तीस हजार माणसं, मागच्या रांगेत मी.
माझे ओठ हलले.
सवयीनं. काय बोलायचं ते मला ठाऊकही नव्हतं,
तरी हलले.
त्यानं हात जोडले, आकाशाकडे बघितलं,
लोकांना वाटलं, गहिवरला.

आज शाळेतल्या बूथवर
पुठ्ठ्याचा आडोसा अगदी विंगेसारखा.
शाई बोटावर अजून ओली.
समईसमोरचं बटण, तिच्यावरचं, तिच्याखालचं.
कान टवकारून उभा राहिलो.
कुणीच काही सांगेना.

बाहेरून मॅडमचा आवाज,
आजोबा, झालं का?

थांबा, मी म्हटलं,
पॉज आहे.